पंचवीसला नुसतं डोकं

आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर एक फळा आहे. शाळेतून बाद झालेला, सहा फूट लांब, उजव्या कोपऱ्याला पोपडे आलेला. तो मीच शाळेतून मागून आणला. मी शाळेत मास्तर आणि वाचनालयाचा कार्यवाह. कार्यवाह म्हणजे ज्याने कुलूप उघडायचं, झाडू मारायचा, कंदिलात तेल घालायचं आणि वर सगळ्यांचं ऐकून घ्यायचं तो. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे आणि तो मला लपवायचा नाही.

या फळ्यावर जगाच्या बातम्या यायच्या. लिहून नाही, काढून. काढणारा ज्योतीराम भोंडवे. मूळचा रावेतचा, शिक्षण चौथी. देहूरोडच्या लष्करी डेपोत तो खोक्यांवर नंबर मारायचा. पत्र्यात कापलेलं अक्षर खोक्यावर ठेवायचं, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, पत्रा उचलला की खाली अक्षर उमटलेलं. पुढे पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला तेव्हा तिकडे लागला, कामही तेच. बोलायला अगदी कमी. ज्योतीरामाशी गप्पा मारण्यापेक्षा विहिरीत तोंड घालून बोलावं, विहीर निदान ओ देते, असं लोक म्हणायचे.

पन्नास साली कोरियाची लढाई सुरू झाली. मी रोज संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचो, दहापंधरा माणसं ओट्यावर बसायची. ‘फौजांनी अडतिसावी रेषा ओलांडली’ असं वाचलं की सगळे माना डोलवायचे आणि काडीचं कुणाला कळायचं नाही. मलाही नाही. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "मास्तर, ही रेष मारली कुणी? आन् मारली तर पुसून का टाकत न्हाईत?" मी शाळेत करतो तेच केलं, त्याच्यावर ओरडलो. तेवढ्यात मागून ज्योतीराम उठला. माझ्याकडचं नकाशांचं पुस्तक उघडून त्याने फळ्यावर कोरिया काढला. देठाला लोंबणाऱ्या वांग्यासारखा देश. दोन्ही किनाऱ्यांवर त्याने खिळ्यांच्या रांगा ठोकल्या आणि दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणून बांधली.

"फौज आज हितं हाय," म्हणाला. "उद्या पेपर आला की सुतळी हालवू."

त्या दिवसापासून माझं वाचन बंद पडलं म्हणायला हरकत नाही. लोक यायचे, सुतळी वर गेली की खाली आली ते बघायचे आणि घरी जायचे. मला थोडा रागच आला होता. मी चाळीस ओळी वाचायच्या आणि याने एका सुतळीत सांगून मोकळं व्हायचं!

ज्योतीरामाची एक पद्धत होती. कोणतंही चित्र फळ्यावर आणण्याआधी तो ते घरी जमिनीवर कोळशाने काढायचा आणि बायकोला दाखवायचा. बायको शालनबाई. तिला अक्षर ओळखत नव्हतं. ती भाकरी थापता थापता मान वळवून बघायची आणि काय दिसतं ते सांगायची. तिला कळलं तर चित्र फळ्यावर, नाही कळलं तर पोतेऱ्याने पुसून पुन्हा नवीन. सुवेझचा कालवा बंद झाला तेव्हा त्याने अडकलेल्या बोटी एकामागे एक काढल्या, तर ती म्हणाली, "ही तर चिखलीच्या वढ्यावर गाड्या अडकल्यात." ज्योतीरामाने ते चित्र तसंच ठेवलं. मूलबाळ नव्हतं त्यांना. संध्याकाळी दोघं त्या कोळशाच्या जगाच्या दोन बाजूंना बसलेली मी कितीदा तरी पाहिली आहेत.

कोरियात मेलेल्यांचे आकडे येऊ लागले तेव्हा एक एक माणूस हाताने काढणं जमेना. मग ज्योतीरामाने युनूसकडून छाप करून घेतला. युनूस आमचा पत्र्याची कामं करणारा, डबे-बादल्यांना डाग लावणारा, ज्योतीरामाचा एकुलता एक दोस्त. त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा घेऊन त्यात वीतभर उंचीचा माणूस कापला. गोल डोकं, सरळ हात, दोन पाय. छाप फळ्यावर धरायचा, खडूची ओली भुकटी बोळ्याने फिरवायची, माणूस तयार. खाली कोपऱ्यात ज्योतीराम लिहायचा, ‘खूण: एक माणूस = एक हजार’. आकडे लहान असले तर खूण बदलायची, एक माणूस म्हणजे शंभर. उरलेल्यांसाठी तो छापावर पुठ्ठा धरायचा. पन्नास असले तर कमरेपर्यंत. पंचवीस असले तर नुसतं डोकं. पंचवीसच्या आत काही नाही.

"का नाही?" मी विचारलं होतं.

"दिसत न्हाई मास्तर. लांबनं निस्ता डाग दिसतो."

शालनबाईने तो छाप पाहिला तेव्हा ती निराळंच बोलली. "ह्यो तर बाप्या हाय. बायका कुठं हायत? बायका मरत न्हाईत व्हय लढाईत?"

"माणूस म्हंजे त्यात समदी आली," ज्योतीराम म्हणाला.

"आली तर दिसत का न्हाईत?"

त्याने युनूसला विचारलं. युनूस म्हणाला, "ज्योतीभाऊ, लुगड्याची बाई कापू कशी? निऱ्यांचा पत्रा बारीक पडतो, तुटंल." विषय तिथेच राहिला. त्रेपन्न साली लढाई थांबली तेव्हा सुतळी जवळजवळ जिथे सुरुवातीला बांधली होती तिथेच येऊन बसली. शालनबाई कधी नव्हे ती ओट्यापर्यंत आली, डोक्यावरचा पदर नीट करत फळा पाहिला आणि म्हणाली, "येवढी मान्सं घालवली आन् दावं तिथंच?" पेपरातल्या कुठल्याही अग्रलेखाने मला ती लढाई इतकी समजावली नव्हती.

आता नियमाची गोष्ट. चोपन्न साली ज्योतीरामाने एकदा गावातलंच चित्र काढलं. सार्वजनिक विहिरीवरून कोणती आळी दिवसाला किती घागरी नेते त्याचं. घागरींच्या रांगा, एका आळीची लांबलचक, दुसरीची आखूड. खरं होतं ते, दोन दिवस विहिरीवर बसून मोजलेलं. पण गावाला खरं सोसत नाही. रात्रीपर्यंत दोघांची डोकी फुटली आणि वाचनालयाचा कंदील गेला. तेव्हा मी समिती बोलावून नियम करून घेतला. फळ्यावर बातमी समुद्रापलीकडची, गावची नाही. नियम मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर लावला. मला नियम आवडतात. मास्तरच्या पगारात दुसरं काय आवडणार?

सत्तावन्नच्या एप्रिल-मेमध्ये पेपरात हाँगकाँगच्या तापाची बातमी आली. तिकडे लाखो लोक आजारी. मग सिंगापूर. ज्योतीरामाने फळ्यावर आशिया काढला आणि लाल खडूने बाण. हाँगकाँगहून सिंगापूर, सिंगापूरहून बोटीने मद्रास. बाण मद्रासला टेकला तसा समितीत वाद निघाला की ही बातमी आता समुद्राच्या अलीकडची झाली. मी निकाल दिला की मद्रास काही आपलं गाव नाही. मग बाण मुंबईला आला. जूनमध्ये पुण्याला आला. पुणेही आपलं गाव नाही असं मी म्हटलं, आणि पुणेकरांना परदेशी ठरवल्याबद्दल ओट्यावर बराच हशा झाला. बाणांच्या शेजारी छापाची माणसं. मेलेले तसे थोडे होते, म्हणून खूण शंभराची.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ज्योतीराम शिफ्ट सुटल्यावर सरळ ओट्यावर आला. मी हजेरीपट घेऊन बसलो होतो.

"मास्तर, आमच्या खात्यातली चाळीस मान्सं घरी हायत. समद्यांना ताप. चिंचवडात बी हाय." त्याने लाल खडू उचलला. "बाण फुडं न्यायला पायजे. पुण्यापासनं हितवर."

मी भिंतीवरच्या नियमाकडे बोट केलं.

"पण हाय ते हाय मास्तर."

"विहिरीच्या वेळीही होतं ते होतंच," मी म्हणालो. "उद्या चाळिसांच्या घरच्या बायका येतील, आम्हाला साथीचे ठरवता का म्हणून. पाणी बंद होईल एकमेकांचं. पेपरात येऊ दे, मग बघू."

ज्योतीरामाने खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हात धोतराला पुसले आणि घरी गेला. लाल बाणाचं टोक पुण्यावर राहिलं. ते मी रोज बघत होतो.

आणि मग झालं असं की बाण थांबला तिथेच साथ थांबली, असं तो स्वतःच मानू लागला. सात वर्षं त्याने फळ्यावर जे काढलं ते खरं निघालं होतं. सगळ्या वस्तीने ते सरकारी शिक्क्यासारखं धरलं होतं, मग त्याने का धरू नये? खात्यातली चाळीस माणसं तो विसरला नाही, पण त्यांचा ताप आता साधा ताप झाला. साथ पुण्यात होती. बाण तिथे थांबला होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शालनबाईचं अंग मोडून आलं. पहिल्या दिवशी तिने स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशी पडून राहिली. हे सगळं मला ज्योतीरामाने नंतर सांगितलं, एकदाच, सलग, दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं. तिने त्याला विचारलं होतं, "अवं, तुमच्या फळ्यावरली साथ तर न्हाई ही?"

आणि तो म्हणाला होता, "न्हाई. ती पुण्यात हाय."

तिने मान हलवली. फळ्यावरचं तिला नेहमीच कळायचं.

चौथ्या दिवशी श्वास लागला तेव्हा तो कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "छातीत उतरलंय. फ्लूनंतर होतं असं. दोन दिवस आधी सांगितलं असतंत तर पेनिसिलिन देता आलं असतं." जी औषधं भरलेल्या खोक्यांवर ज्योतीराम रोज आठ तास छाप मारत होता त्यातलंच ते. त्याला ते सुचलं नव्हतं. साध्या तापाला कोण मागतं? डॉक्टरांनी तेव्हाही सुई दिली. पहाटे शालनबाई गेली.

मी मयताला होतो. ज्योतीराम रडला नाही. नदीवर लाकडं ओली निघाली तेव्हा तो दोनदा म्हणाला, "रॉकेल आना." बाकी काही नाही. मला वाटलं, दगड आहे हा माणूस. मला आता त्या वाटण्याची लाज वाटते. पण वाटलं होतं, म्हणून सांगतो.

तेरा दिवस फळा कोरा राहिला. म्हणजे कोरा नव्हता, आशिया होता, बाण होते, पण कुणी हात लावला नव्हता. चौदाव्या दिवशी ज्योतीराम आला. बराच वेळ बाणाच्या टोकापाशी उभा राहिला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला फळ्यावर घ्यायचं हाय."

"कुणाला?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"नाव नको. मोजनीत पायजे निस्तं. ती तापानं न्हाई गेली, साथीनं गेली. हाँगकाँगपासनं आली तीच साथ."

मी हो म्हणालो. नियमाचं नाव काढायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. पण अडचण नियमाची नव्हती. मोजणीत घ्यायचं तर नोंद पाहिजे. आम्ही दोघं पोलीस पाटलांकडे गेलो. लक्ष्मणराव पाटील सरळ माणूस. त्यांनी जन्ममृत्यूचं पुस्तक काढून पान उलगडलं. शालन ज्योतीराम भोंडवे, वय बत्तीस, कारण: ताप.

"फ्लू करा," ज्योतीराम म्हणाला.

"आता कसं करू? पंधरवड्याचा कागद तालुक्याला गेला." पाटलांनी चष्मा काढला. "आन् बाबा, त्या दिवशी मी इचारलं तवा तूच सांगितलंस ना, साधा ताप व्हता म्हनून?"

ज्योतीरामाने ते आठवून पाहिलं. सांगितलं होतं. स्मशानातून परत येताना, वाटेत. वस्तीतल्या बाकीच्यांनीही तेच सांगितलं होतं. त्या पानावर शालनबाईच्या वरखाली आणखी तीन ताप होते.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "पुण्याचे आकडे बी आसंच कुनीतरी सांगितलेले आसतील."

"असतील."

"मंग मास्तर, कोरियाचे बी?"

सात वर्षं त्याने हजाराला एक असे ते छापले होते आणि मी त्याला शाबासकी दिली होती.

त्यानंतर त्याने स्वतःच मोजायला घेतलं. शिफ्ट सुटली की वही घेऊन निघायचा. चिंचवड, चिखली, रावेत, देहूच्या वाटेवरच्या वाड्या, पिंपरीत सिंधी लोकांच्या बराकी. दारात उभा राहून विचारायचा, घरात कोणी गेलं का, आधी अंग दुखत होतं का, खोकला होता का, किती दिवस. लोक आधी बिचकले. पण नुकताच बायको गेलेला माणूस दारात उभा आहे म्हटल्यावर त्याला हाकलणार कोण? बायका पाटावर बसवून चहा द्यायच्या आणि सगळं सांगायच्या. तो लिहून घ्यायचा. ज्याचं साथीचं वाटेल त्याच्यापुढे खूण करायचा, नाही वाटलं तर खोडायचा. मन राखण्यासाठी एकालाही धरलं नाही. एका घरच्या म्हाताऱ्याला त्याने धरलं नाही म्हणून ते घर त्याच्याशी भांडलं.

ऑगस्टअखेर वहीत सोळा होते. छापाची खूण शंभराची, पंचवीसला नुसतं डोकं, पंचवीसच्या आत काही नाही. हे त्याचंच गणित. मी म्हटलं, "अरे, काढ की सोळालाच डोकं. कोण विचारतंय?"

"खोटं व्हईल," तो म्हणाला.

शालनबाईने फळ्यावर यायचं तर आणखी नऊ माणसं मेली पाहिजेत, असा त्याचा अर्थ होता. आम्हा दोघांपैकी कुणी तो अर्थ उच्चारला नाही. मला तो तेव्हा पुरता दिसलाही नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की हा माणूस जेवतो, कामावर जातो, वही घेऊन फिरतो, आणि त्याच्या तोंडावर काही म्हणजे काही नसतं. मीही तसाच झालो होतो. संध्याकाळी तो यायचा, म्हणायचा, "अठरा." मी म्हणायचो, "बरं." दुसऱ्या आठवड्यात, "एकवीस." मी म्हणायचो, "बरं." एकवीस घरी रडारड झाली होती आणि आम्ही दोघं ओट्यावर बसून बेरीज करत होतो. सप्टेंबरच्या मध्याला चोवीस झाले. मग साथ ओसरली. आठ दिवस गेले, दहा गेले, वहीत नवीन ओळ नाही. लोक देवाला नारळ फोडत होते. ज्योतीराम रोज येऊन म्हणायचा, "चोवीसच." त्याच्या आवाजात काय होतं ते मी ओळखायला हवं होतं.

तेवढ्यात युनूस पडला. उशिराचा ताप, पण तोच, अंगदुखी, खोकला, सगळं तेच. ज्योतीराम खबर कळताच गेला, कारखान्यातल्या डॉक्टरांना या वेळी पहिल्याच दिवशी सांगून आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फळ्याखाली झाडत होतो, तर तो युनूसच्या घराकडून आला, जवळजवळ पळत. ओट्यावर बसला आणि भिंतीला डोकं टेकलं.

"काय झालं? युनूस बरा आहे ना?"

"बरा हाय. बसून चा पितोय." आणि मग म्हणाला, "मास्तर, मी गेलो तवा झोपला व्हता. मी त्याच्याकडं बघितलं आन् मनात आलं, पंचवीस."

मी झाडू खाली ठेवला.

"पंचवीस म्हनालो मी. माझा युनूस. आन् मला बरं वाटलं मास्तर. डोकं पुरं झालं म्हनून बरं वाटलं."

आणि मग तो रडला. अडीच महिन्यांनी. आवाज न करता, दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवून, नाक वाहतंय ते न पुसता. मी शेजारी बसून राहिलो. मला त्या वेळी सांगायला हवं होतं की बाण मी अडवला होता, तू नाही. ते माझ्या तोंडून निघालं नाही. अजूनही निघालेलं नाही, निदान त्याच्यापुढे तरी नाही.

युनूस तीन-चार दिवसांत उभा राहिला. ज्योतीरामाने छाप त्याला परत नेऊन दिला. काय झालं ते सांगितलं की नाही मला माहीत नाही. युनूसने तो पत्रा दुमडून ठोकला आणि मशिदीतल्या हौदाच्या गळक्या डब्याला डाग म्हणून लावला. अजून तो डबा गळत नाही.

त्या सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ज्योतीराम सकाळीच आला. आशिया पुसला. बाण पुसले. ओल्या फडक्याने फळा दोनदा धुतला, वाळू दिला, आणि खडूने हाताने माणसं काढायला बसला. वही शेजारी उघडी. पहिली शालनबाई. नऊवारी, पदर डोक्यावर, निऱ्या नीट एकेक. ज्या निऱ्यांचा पत्रा तुटेल म्हणून युनूसने कापली नव्हती त्या. मग काठीवाला एक म्हातारा. मग टोपी घातलेला एक सिंधी दुकानदार. मग एक पोर, पाळण्यात. दुपारी मी भाकरी आणून दिली ती तशीच पडून राहिली. संध्याकाळपर्यंत चोवीस झाली, वीतभर उंचीची, एकासारखं एक नाही. खाली कोपऱ्यात त्याने नेहमीच्या जागी खूण लिहिली. ‘एक माणूस = एक माणूस’.

भिंतीवर माझा नियम होता. मी तो उतरवून आत कपाटात ठेवला. तेवढं तरी केलं.

चार दिवसांत पंचक्रोशीत कळलं. चिखलीहून, देहूच्या बाजूने माणसं येऊ लागली. यायचे, आपलं शोधायचे. वहीत लिहून घेताना ज्योतीरामाने त्यांना विचारलं होतं, कशी होती दिसायला, काय नेसायची, चालायची कशी. त्यामुळे सापडायचं. ज्या घराशी म्हाताऱ्यावरून भांडण झालं होतं तेही येऊन पाहून गेलं. आपला म्हातारा नाही म्हणून त्या घरची सून म्हणाली, "आमचा बी काढा." ज्योतीराम म्हणाला, "तुमचे दम्यानं गेले वैनी." ती बरं म्हणाली आणि निघाली.

पुढच्या रविवारी पेपरात बातमी आली की रशियाने आकाशात एक गोळा सोडला आहे, तो पृथ्वीभोवती फिरतो आहे. वस्तीत दुसरं बोलणंच नव्हतं. दुपारी ओट्यावर ही गर्दी. सगळे ज्योतीरामाकडे बघत होते, तो कसा फिरतो ते काढून दाखव म्हणून. पण फळा भरलेला होता आणि पुस म्हणायला कुणी धजत नव्हतं. मी तर नाहीच.

ज्योतीरामानेच फडकं भिजवलं. एकेक करून चोवीस पुसली. शालनबाईला शेवटी. तिच्यापाशी तो थांबेल असं मला वाटलं होतं. थांबला नाही. पायांपासून वर पुसत गेला, पदरापर्यंत. मग त्याने मोठी पृथ्वी काढली, तिच्याभोवती वाट, वाटेवर तो गोळा, चार लांब मिशा असलेला. लोकांना लगेच कळलं. एक म्हणाला, "तेल्याचा बैल फिरतो तसाच की ह्यो." सगळे हसले. ज्योतीराम हसला नाही, पण त्याने मान हलवली.

सगळे गेल्यावर मी कंदील घेऊन कुलूप लावायला आलो तेव्हा फळा नीट पाहिला. कोपऱ्यातली खूण त्याने पुसली नव्हती. ‘एक माणूस = एक माणूस’. त्या बातमीत माणूस नव्हताच. गोळा रिकामा होता. मी त्याला तसं म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "ती पुसायची न्हाई."

दोन वर्षं झाली. फळ्यावर किती देश आले आणि गेले. कुठे दोनशे मेले, कुठे चार हजार. तो आता आकड्यांची माणसं काढत नाही, आकडा आकड्यासारखा लिहितो. आणि खूण तिथेच आहे. नवा कुणी आला की विचारतो, मास्तर, ह्या खुणेचा माणूस चित्रात कुठे आहे? मी सांगतो, ती घरी भाकरी थापत बसायची. मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि बाणापाशी आलो की मी सांगतो, तो मी थांबवला.